बावट्यामागे एक माणूस

परळ,
२ सप्टेंबर २०२४

श्री. तुळशीदास वैती,
माहीम कोळीवाडा, यांस

आपल्या गिरणगाव सायकल मंडळाची पंचविसावी लांब पल्ल्याची सफर येत्या ३० नोव्हेंबरला निघत आहे. मार्ग दोन वर्षांपूर्वीचाच ठरला आहे: कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूरचे जंगल, सावरदरा घाट आणि पुढे कोकणात उतरणे. या निमित्ताने मंडळ एक पुस्तिका छापणार असून तीत आपले नऊ नियम आणि प्रत्येक नियमामागचे कारण दिले जाईल. लेखनाचे काम माझ्याकडे आहे.

सातवा नियम असा की वाटेत थांबणाऱ्या स्वाराने बावटाधारकाला सांगितल्याशिवाय थांबू नये. या नियमाचे उदाहरण म्हणून २६ नोव्हेंबर २०२२ च्या अपघाताचा चौकशी अहवाल जसाच्या तसा छापावा, अशी सचिव राजेश यांची सूचना आहे. अहवाल मी लिहिला होता. त्याचा निष्कर्ष आपल्याला ठाऊक आहे: आपण न सांगता थांबलात, त्यामुळे मागे राहिलात, फाट्यावर चुकीच्या वाटेला लागलात आणि मोडक्या मोरीवर पडून मांडीचे हाड मोडून घेतलेत. त्या निष्कर्षानुसार आपल्याला दोन वर्षे सफरीस मनाई झाली. ती मुदत या २६ नोव्हेंबरला संपते.

अहवालात आपले नाव आहे. ते तसेच छापावे की त्याऐवजी 'एक ज्येष्ठ स्वार' असे लिहावे, एवढेच विचारायचे आहे. पुस्तिका ३१ ऑक्टोबरला छापखान्यात जाईल. त्यापूर्वी कळवावे.

हर्षवर्धन कासारे

ता. क. नव्या स्वारांसाठी पुढील मजकूर केला आहे: 'रांगेतील शेवटच्या स्वाराच्या सायकलला पिवळा बावटा असतो. प्रत्येक फाट्यावर पुढचा एक स्वार उभा राहून मागच्यांना वाट दाखवतो आणि बावटा जाईपर्यंत जागा सोडत नाही. बावट्याच्या मागे कोणीही नसते.' हा बावटा आपल्या वडिलांच्या होडीवरचा आहे. तसा उल्लेख करावा काय?

*

परळ,
२० सप्टेंबर २०२४

तुळशीदास,

मागचे पत्र मंडळाच्या वतीने होते, म्हणून त्यात 'आपण' होते. हे पत्र माझे आहे.

उत्तर आले नाही. एकतीस वर्षे मी माटुंग्याच्या कॉलेजात मुलांना तर्कशास्त्र शिकवले. गप्प बसलेल्या माणसाच्या गप्प बसण्यातून होकार काढू नये आणि नकारही काढू नये, हे मी दर वर्षी पहिल्याच आठवड्यात सांगत असे. म्हणून मी काहीच निष्कर्ष काढलेला नाही. शिवाय गणपतीचे दहा दिवस लालबागमधून काही बाहेर पडत नाही, टपालही नाही, ही शक्यता गृहीत धरली आहे.

माझ्या इमारतीपासून तुझ्या दारापर्यंत सहा किलोमीटर आहेत. सायकलने पंचवीस मिनिटे लागतात, पत्राला चार दिवस लागतात. तरी मी पत्र निवडले. लिहिताना समोरच्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही, हे त्याचे कारण असावे.

छपाईसाठी अहवाल पुन्हा वाचला. मांडणीत दोष सापडला नाही. परंतु घाट चढण्यापूर्वी चहाच्या टपरीवर जे घडले ते त्यात नाही. अपघाताशी त्याचा संबंध नाही असे मी तेव्हा ठरवले होते. आता येथे नोंदवून ठेवतो.

दुपारचे तीन वाजले होते. आपण तेवीस जण होतो. बावटा नेहमीप्रमाणे माझ्याकडे होता. राजेशने विचारले की घाटात बावटा दुसऱ्या कोणाला द्यायचा का, सरांना त्रास होईल. तू बशीतला चहा संपवलास आणि म्हणालास, "अरे, मास्तरांना बावटा काय नि नाय काय. ते आपोआपच शेवटी असतात. बावटा फक्त त्यांची लाज राखतो."

सगळे हसले. स्पृहा हसली आणि लगेच तिने तोंड फिरवले. मीही हसलो. मला वाटते, बऱ्यापैकी हसलो.

तेवीस वर्षांत मी बावटा कधी सोडला नव्हता. सर्वांना वाटे की जबाबदारीच्या जाणिवेने मी मागे राहतो. तुला खरे कारण ठाऊक होते आणि तू ते कधी बोलला नव्हतास. त्या दिवशी बोललास.

पुस्तिकेत नाव छापण्याबाबत कळवावे. अजून चाळीस दिवस आहेत.

हर्षवर्धन

*

परळ,
६ ऑक्टोबर २०२४

तुळशीदास,

आज सकाळी राधाबाई माझ्याकडे येऊन गेल्या. हे तुला माहीत असेलच. त्या सांगून आल्या की न सांगता, हे मी विचारले नाही. तरीही जे बोलणे झाले ते तुला कळावे, म्हणून जसे आठवते तसे लिहितो.

त्या आल्या तेव्हा नऊ वाजले होते. दादरच्या मार्केटमधला धंदा आटोपून सरळ आल्या होत्या. एकविसाव्या मजल्यावर दार उघडल्यावर प्रथम म्हणाल्या, "लिफ्टवाला मना विचारतो, कोणाकडे मासळी द्यायची? म्हटलं, आज मासळी नाय, हिशेब द्यायचाय मास्तरांना."

मी त्यांना खुर्ची दिली. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. माझी सायकल दिवाणखान्यात भिंतीला टेकवलेली असते. तिच्या कॅरियरवर हात ठेवून त्या उभ्या राहिल्या.

"ही चालवता अजून?"

"रोज. मरीन ड्राइव्हपर्यंत."

"आमची टांगून ठेवलीय. जिन्याखाली, जाळ्यांच्या वर. तिच्यावर जाळी ठेवायला देत नाय. म्हणतो, चेनला खार लागेल." मग त्यांनी पिशवीतून माझी दोन्ही पत्रे काढली. पाकिटे व्यवस्थित कापलेली होती. "ही मी वाचते, तो ऐकतो. सातवी शिकलेय मी, म्युनिसिपालटीची. पण मास्तर, तुमचं लिहिलेलं वाचायचं म्हणजे काट्याचा मासा खायचा. एवढं लांब लिहिता, मधला काटा कुठे ते समजत नाय."

मी म्हणालो की परवानगी मागितली आहे, त्यात न समजण्यासारखे काही नाही.

"परवानगी," त्या म्हणाल्या. "मांडीत रॉड आहे त्याच्या. गल्लीच्या टोकापर्यंत जातो नि परत येतो. बोटीवर पाय ठेवत नाय. आणि तुम्ही विचारता, नाव छापू का." मग त्यांनी विचारले, "तो न सांगता थांबला?"

मी म्हणालो, चौकशीत तसे निष्पन्न झाले.

"मी चौकशीचं नाय विचारलं. तुमाला विचारलं."

यावर मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. मी काहीतरी बोललो. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतले. मग पत्रे पिशवीत ठेवत म्हणाल्या, "साडेतीन तास पडला होता तिथं. सांगतो, एक गवा आला, जवळ उभा राहिला, बघून गेला. माणूस नाय आला. दोन वर्षं झाली, गव्याचं सांगतो. तुमचं नाव नाय काढत. माझ्या घरात तुमचं नाव रोज निघायचं मास्तर. भांडायला का होईना."

जाताना दारात त्या पुन्हा वळल्या. "लिहा तुम्ही. मी वाचते. पण पुढच्या वेळी काटा काढून पाठवा."

हर्षवर्धन

*

परळ,
१३ ऑक्टोबर २०२४

तुळशीदास,

राधाबाई हे वाचून दाखवणार, म्हणून वाक्ये शक्य तितकी लहान ठेवतो.

टपरीपासून निघालो तेव्हा मी शेवटी होतो आणि तू माझ्या पुढे होतास. तू नेहमी मधल्या फळीत असायचास. त्या दिवशी मुद्दाम माझ्या जवळ राहिलास. टपरीवर जे बोललास ते तुलाच टोचत असावे. एका वळणावर तू म्हणालास, "मास्तर, रागवलास काय?" मी म्हणालो, "नाही."

पावणेचारच्या सुमारास तुझी चेन तुटली. तू उतरलास, सायकल कडेला घेतलीस. माझ्याकडे पाहून म्हणालास, "चेन गेली. थांबतो." मी ऐकले. मी मान हलवली. बावटा माझ्याकडे होता. म्हणजे तू बावटाधारकाला सांगून थांबलास. सातवा नियम तू पाळलास.

नियमाप्रमाणे मी उतरून तुझ्याजवळ थांबायला हवे होते. मी थांबलो नाही. पुढे गेलो. तीन वळणे वर स्पृहा पाणी पिण्यासाठी उभी होती. मी बावटा सोडवला आणि तिच्या सायकलला बांधायला दिला. तिने विचारले, "सर, मागे?" मी म्हणालो, "मागे कोणी नाही."

बावटा दुसऱ्याच्या हाती देताना मोठ्याने मोजणी करावी, हा नियम मीच केला होता. मोजणी केली असती तर आकडा जुळला नसता.

कारण सांगायचे तर ते क्षुल्लक आहे. तू माझ्याहून दुप्पट वेगाने चढतोस. चेन जोडून तू मला गाठणार आणि पुढे जाणार, याची मला खात्री होती. तू मला गाठण्यापूर्वी मला माथ्यावर पोहोचायचे होते. तू वर येशील तेव्हा मी आधीच पोहोचलेला तुला दिसायला हवा होतो. एवढेच. तू फाट्यावर कसा येशील, तिथे कोण असेल, याचा विचार माझ्या मनात आला नाही. बावटा पुढे गेला की फाट्यावरचा माणूस जागा सोडतो. राजेश उभा होता. बावटा पाहून त्याने जागा सोडली. त्याचे चुकले नाही. स्पृहाचेही नाही.

मी सहा जणांना मागे टाकले. मुक्कामाच्या शाळेत तेविसांपैकी सोळावा पोहोचलो. मला आनंद झाला होता. बूट काढून ओट्यावर पाय सोडून बसलो होतो आणि रस्त्याकडे पाहत होतो. तू येशील आणि मला पाहशील म्हणून. बावटा आला, राजेश आला. तू आला नाहीस. मला वाटले, चेनला वेळ लागत असेल. सव्वापाचला मोजणी झाली. तेव्हाही मी म्हणू शकलो असतो की तो कुठे थांबला ते मला ठाऊक आहे. मी म्हणालो, "घाटात खाली जाऊन पाहा." सर्व जण मुख्य रस्त्याने खाली गेले. तू तोपर्यंत दुसऱ्याच वाटेने उतरला होतास.

आता चौकशीबद्दल. तू इस्पितळात होतास, पाय वजनाला बांधलेला होता. राजेश लिहून घेत होता. प्रश्न मी विचारत होतो. मी विचारले, "तू स्पृहाला सांगितलेस का?" माझे नाव प्रश्नात नव्हते. तू माझ्याकडे बराच वेळ पाहिलेस आणि म्हणालास, "नाही." राजेशने ते लिहून घेतले. त्या एका शब्दावर मी तीन पानांचा अहवाल उभा केला. त्यात असे वाक्य आहे: 'आधीच्या बावटाधारकाच्या समजुतीप्रमाणे मागे कोणी नव्हते.' ती माझी समजूत नव्हती. माझी समजूत अशी होती की मागे तू आहेस.

ज्याचे खरे उत्तर मला सोयीचे येईल असाच प्रश्न मी विचारला. मुलांना मी शिकवत असे की खोटेपणा विधानात असतो, प्रश्नात नसतो. हे चुकीचे शिकवले.

सत्तावीस तारखेला मंडळाची बैठक आहे. अहवाल मागे घेण्याचा प्रस्ताव मी मांडणार आहे. तुझ्या परवानगीची आता गरज नाही, पण तुला आधी कळावे म्हणून लिहिले.

हर्षवर्धन

*

परळ,
२८ ऑक्टोबर २०२४

तुळशीदास,

तुझे कार्ड शनिवारी मिळाले. दोन वर्षांनी तुझे अक्षर पाहिले. अक्षर तसेच आहे, ओळ वर चढत जाते. आधी बैठकीचे सांगतो, मग कार्डाचे.

बैठक नायगावच्या वाचनालयातील खोलीत झाली. चौदा जण आले होते. तुला लिहिलेल्या मागच्या पत्राची नक्कल मी वाचून दाखवली. वाचायला सात मिनिटे लागली. त्यानंतर पंखा बंद करा असे कोणीतरी म्हणाले आणि कोणी बंद केला नाही.

राजेश म्हणाला, "सर, कशाला आता हे उकरून काढताय? पान छापायचं नसेल तर काढून टाकू. तुळशीकाकांना एक शाल देऊ, विषय संपला."

मी म्हणालो, शाल हा पुरावा रद्द करण्याचा मार्ग नाही.

स्पृहा शेवटच्या बाकावर बसली होती. अपघातानंतर तिने बावटा हातात घेतलेला नाही, हे तुला ठाऊक नसेल. ती उभी राहिली नाही. बसूनच तिने विचारले, "सर, त्या दिवशी काका मागे आहेत हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, कोणी नाही."

"हो."

"दोन वर्षं मी मोजतेय," ती म्हणाली. "घाटात मोजते, ट्रेनमध्ये चढताना मैत्रिणी मोजते. आमच्या हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये पेशंट घेऊन चढले तरी मोजते. आत पाच, बाहेर पाच. घरचे म्हणतात डॉक्टरकडे जा. मला वाटायचं, मी नीट वळून बघितलं असतं तर दिसले असते." तिने पिशवी उचलली. "तीन वळणं खाली होते ते. मी वळून बघितलं असतं तरी दिसले नसते. हो ना?"

मी म्हणालो, दिसला नसता.

ती निघून गेली. जाताना तिने खोलीतली माणसे मोजली असावीत. माझ्याकडे आल्यावर तिची नजर थांबली नाही.

प्रस्ताव संमत झाला. तुझ्यावरची मनाई मुळापासून रद्द झाली आहे, म्हणजे ती कधी लागूच नव्हती असे इतिवृत्तात लिहिले आहे. त्यानंतर मी माझ्यावर दोन वर्षांची मनाई मागितली. राजेशने नियमावली चाळली आणि म्हणाला, "सर, असा नियमच नाही. न सांगता थांबणाऱ्याला शिक्षा आहे. बावटेवाल्याने सोडून जायला शिक्षा नाही."

मी तपासले. त्याचे म्हणणे बरोबर आहे. नऊ नियम लिहिताना बावटाधारक चुकू शकतो, ही शक्यता मी विचारात घेतलीच नव्हती. तेव्हा बावटा माझ्याकडेच असणार होता. दहावा नियम काल झाला. मागील तारखेपासून तो कोणाला लावता येत नाही, म्हणून मी तो स्वतःहून स्वीकारला. यंदाच्या सफरीत मी नाही.

आता तुझे कार्ड. ते पुस्तिकेत जसेच्या तसे जाईल. तुला पटेल अशी अपेक्षा आहे. येथे पुन्हा उतरवून घेतो, म्हणजे छापखान्यात गडबड झाली तर एक प्रत राहील:

'मास्तर, चारी पत्रं मिळाली. राधानं वाचली, मी ऐकली. तू ऐकलंस ते मना तेव्हाच कळलं होतं. तू मान हलवलीस. इस्पितळात तू तसा सवाल केलास, म्हटलं, विचारतोय तर देऊ त्याला पायजे ते. पण एक दुरुस्त कर. अहवालात लिवलंय, मी फाट्यावर न थांबता डावीकडे गेलो. ते खोटं. साडेचारला फाट्यावर आलो. कोण नव्हतं. जांभळीखाली बसलो. पाच दहापर्यंत बसलो. मी मागं हाय ते तुला ठाऊक होतं, म्हणून तू परत येशील म्हणून बसलो. मग अंधार पडायला लागला. ते तेवढं नीट कर. नाव छाप. बावटा बापाचा होता तेपण छाप. तुळशीदास.'

चाळीस मिनिटे. अहवालात मी लिहिले होते: 'सदर स्वाराने फाट्यावर थांबण्याची दक्षता घेतली नाही.' तुला कोणी विचारलेच नव्हते. मी विचारले नव्हते. न थांबता गेला असणार, असे मी धरून चाललो, कारण तसे धरले तर उरलेले सर्व जुळत होते.

त्या चाळीस मिनिटांपैकी वीस मिनिटे मी ओट्यावर पाय हलवत बसलो होतो.

हर्षवर्धन

*

सावरदरा फाटा,
३० नोव्हेंबर २०२४

तुळशीदास,

मी एस.टी.ने आलो. सफरीला येण्यास मला मनाई आहे, सार्वजनिक रस्त्यावर उभे राहण्यास नाही. कोल्हापूरहून सकाळची गाडी पकडली, अडीच वाजता कंडक्टरने फाट्यावर उतरवले. "इथं काय हाय आजोबा?" त्याने विचारले. मी म्हणालो, मंडळी यायची आहेत. "परतीची गाडी सव्वासहाला. ती चुकली तर गव्यांबरोबर झोपा," असे सांगून त्याने घंटी मारली.

जांभूळ आहे. तिच्या मुळाशी बसण्याजोगा एक सपाट दगड आहे. बहुधा तोच. हे पत्र त्यावर बसून लिहितो आहे.

साडेतीनपासून आपली माणसे येऊ लागली. फाट्यावर उभे राहण्याचे काम राजेशने स्वतःकडे घेतले होते. मला पाहून तो गोंधळला. "सर, तुम्ही? मग मी जाऊ का पुढे?" मी म्हणालो, तुझी नेमणूक आहे, तू उभा राहा. आम्ही दोघेही उभे राहिलो. येणारा प्रत्येक जण ओरडे, "मागे किती?" आणि राजेश आकडा सांगे. पुस्तिका बऱ्याच जणांच्या हँडलच्या पिशवीत होती. एका नव्या मुलीने विचारले की कार्ड लिहिणारे तुळशीदास वैती हेच का. मी म्हणालो, नाही, ज्याला कार्ड लिहिले तो मी. ती "अच्छा" म्हणाली आणि घाईने पेडल मारून गेली.

बावटा चार वाजून पंचवीस मिनिटांनी आला. स्पृहाच्या सायकलला होता. मला हे अपेक्षित नव्हते. ती उतरली. माझ्याकडे न पाहता राजेशला म्हणाली, "सव्वीस. मागे कोणी नाही."

मग हँडल धरूनच मला म्हणाली, "चहाच्या टपरीवर मोजले. अर्ध्या घाटात मोजले. आत्ता शेवटचं वळण चालत उतरून बघून आले. कोणी नाही, सर."

मी म्हणालो, ठीक.

"सामानाच्या टेम्पोत बसा. मुक्कामाला जेवून जा. ते नियमात बसत नसेल तर राहू दे." तिने माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. ती गेली. राजेशनेही जागा सोडली.

तेव्हा साडेचार झाले होते. मी पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत बसलो. बावटा गेल्यावर फाट्यावर कोणी थांबत नाही, त्यामुळे हा कालावधी आपल्या मंडळात तुझ्याखेरीज कोणी पाहिलेला नाही. काही गोष्टी लक्षात आल्या त्या नोंदवतो. जांभळीखालून घाटाचे एकच वळण दिसते. वाळलेली पाने रस्त्यावरून सरकली की टायर आल्यासारखा आवाज येतो. मी तीनदा उभा राहिलो. पहिली दहा मिनिटे लवकर जातात. पाच वाजता ऊन समोरच्या कड्यावरून उचलले जाते आणि त्यानंतर लगेच थंडी वाजते. चाळीस मिनिटे म्हणजे माझ्या एका तासिकेपेक्षा थोडा कमी वेळ. तेवढ्या वेळात मी एक संपूर्ण अनुमान फळ्यावर मांडून, मुलांचे प्रश्न घेऊन, फळा पुसत असे. माझी वाट पाहणारा माणूस तेवढा वेळ इथे बसला होता.

आणखी एक दुरुस्ती आहे, आणि ही तू सांगितलेली नाहीस. अहवालात मी लिहिले होते की उजवीकडचा रस्ताच मुख्य आहे हे कोणाही समजदार स्वाराला उघड दिसते. मी दोन्ही रस्त्यांवर चालून पाहिले. उजवीकडचा अरुंद आहे, त्याच्या तोंडाशी घाणेरीचे रान माजले आहे. डावीकडचा रुंद आहे, उताराचा आहे, त्यावर गाडीची जुनी चाकोरी दिसते. तो पुढे मोरीपाशी तुटतो हे येथून कळत नाही. अंधार पडू लागला असता आणि कोणी विचारायला नसते, तर मीही डावीकडेच गेलो असतो. हा फाटा मी यापूर्वी नीट पाहिला नव्हता. आठ वेळा येथून गेलो, प्रत्येक वेळी कोणीतरी उभे होते.

पुस्तिका छापून झाली आहे. त्यामुळे ही दुरुस्ती सध्या फक्त तुझ्यापाशी राहील.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. सहा डिसेंबरपर्यंत दादरला रस्ता मिळणार नाही, आणि मी स्वतः शिवाजी पार्कच्या पुस्तकांच्या स्टॉलवर असेन. रविवारी, आठ तारखेला, सकाळी नऊ वाजता सायकलने माहीमला येतो. पत्र हातात देईन. राधाबाईंना वाचायला द्यायचे की मी वाचायचे, ते तू ठरव.

दार उघडले नाही तर जिन्याखाली तुझ्या सायकलपाशी थांबेन. चाळीस मिनिटे तर नक्कीच. त्याहून अधिक थांबण्यास कोणत्याही नियमाची हरकत नाही, हे मी पाहून ठेवले आहे.

हर्षवर्धन